लाल कांडी

आमच्या दुकानाला सगळे मॉल म्हणतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडं जाताना लागतं. खाली किराणा, वर कपडे आणि प्लॅस्टिकच्या बादल्या, आणि दोन्हींच्या मधे एक सरकता जिना, जो बहुतेक वेळा सरकत नाही. मी तिथं एक नंबरच्या काउंटरवर बिलं करते. एक नंबर म्हणजे दाराच्या सगळ्यात जवळचा. त्यामुळं उन्हाळ्यात झळ आधी मला लागते आणि दारात जे काही होतं ते आधी मला दिसतं. धुळाप्पामामांची गोष्ट म्हणूनच मी सांगू शकते. सांगू शकते म्हणजे मला सगळी कळली असं समजू नका. त्यातलं निम्मं तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं होतं आणि थोडं अजून जातं.

दारात एक टेबल असतं. गिऱ्हाईक बिल घेऊन येतं, टेबलामागचा माणूस बिल बघतो, शिक्का मारतो, वाटलं तर पिशवी उघडून बघतो आणि जाऊ देतो. पैसे मोजून झालेल्या माणसाला पुन्हा का अडवायचं हे गिऱ्हाइकांना कळत नाही. त्यांची चिडचिड मला रोज ऐकू येते. पण माल जातो हेही खरं आहे. तुपाचे डबे जातात, शाम्पू जातो, एकदा तर कुकर गेला. कुकर कसा गेला असेल यावर आम्ही आठवडाभर डोकं खाजवलं.

मामांच्या आधी तिथं एक दुसरा होता. त्याला म्हणे चोर तोंडावरून कळायचा. त्याचे चोर ठरलेले होते. धोतरवाला दिसला की अडव, डोक्यावर पाटी घेतलेली बाई दिसली की अडव, आणि बुरखा दिसला की अडवच. माझी अम्मी, सुगराबी, एकदा मी कुठं काम करते ते बघायला आली होती. डाळ घेतली, साबण घेतला, माझ्याच काउंटरवर बिल केलं. दारात त्यानं तिची पिशवी टेबलावर पालथी केली. तिची मशेरीची डबीसुद्धा उघडून बघितली. मी जागेवरून ओरडले, ती माझी आई आहे म्हणून. तर म्हणतो कसा, "मग आधी सांगायचं ना!" आधी सांगायचं! म्हणजे दुसऱ्या कुणाची आई असती तर चाललं असतं. अम्मीनं सगळं सामान एकेक करून पिशवीत भरलं आणि गेली. नंतर मी कितीदा बोलावलं, तिचं एकच उत्तर, "नक्को बाबा, तेरे दुकान में नक्को." मला तो प्रसंग आठवला की अजून अंगाचा तिळपापड होतो.

तो माणूस दुसरीकडं गेला आणि धुळाप्पामामा आले. साठी कधीच ओलांडलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. युनिफॉर्मची पँट इतकी लांब की खाली दोन घड्या घालाव्या लागायच्या. आधी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात दारावर होते. कारखाना बंद पडला. घरी ते आणि त्यांची बायको, आणि घर त्यांच्या एका पगारावर. हे सगळं मला पहिल्याच दिवशी चहा पिताना कळलं, कारण मी विचारते. मला चौकशा करायची सवय आहे, लोक नावं ठेवतात, ठेवू देत.

पहिले दोन-चार दिवस मामांनी येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडली. प्रत्येकाची! साबण मोजला, बिस्किटं मोजली, बिलाशी ताडून बघितलं. रांग पार लोणच्याच्या रॅकपर्यंत गेली. लोक ओरडायला लागले तेव्हा आमचे मॅनेजर पृथ्वीराज सर धावत आले. सर तसे आमच्याच वयाचे, वैराग गावचे. एरवी टाय लावून पुस्तकी मराठी बोलतात, पण घाम फुटला की वैराग बाहेर येतं.

"सगळ्यांना नाही हो तपासायचं! निवडून तपासायचं."

"निवडून म्हंजी कसं, साहेब?"

"तोंड बघून. संशयित वाटला की थांबवायचं. आणि हो, त्याला वाटता कामा नये की आपण संशय घेतोय."

मामांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच तोंडं बघितली. चष्मा पुसून, मान पुढं काढून, एकेकाचं तोंड इतकं निरखून बघितलं की लहान पोरं रडायला लागली. एक बाई म्हणाली, "मामा, ओळखलं नाही का? आम्ही शेळगीच्या." मामा म्हणाले, "न्हाय बाई, ओळखायचाच परयत्न करालोय." संध्याकाळी ते सरांकडं गेले.

"साहेब, दिसभर सगळी तोंडं बगितली."

"मग?"

"न्हाय कळलं."

सर फोनवर कुणाशी तरी बोलत होते. मामांनी विचारलं, दारात एक बादली ठेवू का. सरांना वाटलं पाणी शिंपडायला असेल. त्यांनी मानेनं हो म्हटलं, आणि पुढचा सगळा घोळ त्या मानेमुळं झाला.

बादली आली. वर एक जुना टॉवेल बांधलेला, टॉवेलला हात जाईल एवढं भोक. आत कांड्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवतात ती सूत गुंडाळलेली नळी. सोलापुरात पोरासोरांना माहीत असते. बहुतेक कांड्यांवर पांढरं सूत, थोड्यांवर लाल. गिऱ्हाईक बिल घेऊन आलं की मामा म्हणायचे, "हात घाला." पांढरी निघाली तर शिक्का आणि जावा. लाल निघाली तर पिशवी उघडा.

मी विचारलं, हे काय नवीन. मामा म्हणाले, "नवं कुटलं? आमच्या कारखान्यात असंच हुतं. आदी मी तोंड बगून धरायचो. मग भांडणं. ह्यालाच का धरलं, त्याला का सोडलं. ज्याला एकदा धरलं ना पोरी, त्याच्याकडं मागनं सगळी बगत्यात. रिकामा निघाला तरी बगत्यात. मग कांडी खात्यातल्या एका बाईनं ही बादली आणून ठिवली. म्हणली, हात घाला, ज्याची लाल त्याची झडती. मालक आला तरी त्यानंबी हात घालायचा. पुना भांडण न्हाय."

मला ते पटलं. बुरखेवाली असो नाही तर गाडीतून उतरलेली असो, बादली कुणाचं तोंड बघत नव्हती. त्या दिवसांत मला कामावर यायला बरं वाटायचं, हे मी सरळ सांगते.

पण आमच्या गिऱ्हाइकांचं काय करावं? दुकानाच्या दारात, बिल झाल्यावर, बंद बादलीत हात घालायचा म्हटल्यावर माणसाला काय वाटणार? लकी ड्रॉ! पहिली लाल एका रिक्षावाल्याला निघाली, कासीमभाईंना. ते आमचं रोजचं गिऱ्हाईक. कांडी वर धरून ओरडले, "आली, लाल आली! बक्षीस काय आहे?"

"बक्षीस न्हाय, झडती हाय," मामा म्हणाले.

"आधी झडती घ्या की. मग बक्षीस द्या."

कासीमभाईंनी हसत हसत पिशवी उघडली, खिसेसुद्धा बाहेर काढून दाखवले. मामांनी बघितलं, शिक्का मारला, "जावा" म्हणाले. कासीमभाई तिथंच उभे. मागचे लोक म्हणायला लागले, गरिबाला लाल लागली तर बक्षीस दाबतायत. शेवटी मामांनी आपल्या डब्याच्या पिशवीतून मूठभर भाजक्या शेंगा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. झालं! लाल कांडीला शेंगा मिळतात, अशी बातमी दुपारपर्यंत सगळ्या कारखान्यांत पसरली.

त्यानंतर दारात जे चाललं त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. लोक झडतीसाठी नवस बोलल्यासारखे डोळे मिटून बादलीत हात घालायचे. पांढरी निघाली की तोंड पाडून जायचे. एक मावशी तर पांढरी टाकून पुन्हा हात घालायला लागल्या, "एकदाच, एकदाच" म्हणत. एका दाजींना लाल निघाली तेव्हा त्यांचा चेहरा मात्र पडला. त्यांनी सदऱ्याच्या आतून दाढीच्या साबणाची नळी काढली आणि म्हणाले, "ही बिलात राहिली वाटतं." मामा मोठ्यानं म्हणाले, "ऱ्हातं की कदी कदी. जावा, बिल करून या." दाजी आले, मी बिल केलं, मामांनी त्यांनाही शेंगा दिल्या. मामांचं बरोबर होतं की चूक, मला तेव्हाही ठरवता आलं नाही. चोराला शेंगा द्यायच्या का? पण तो दाजी नंतर दर आठवड्याला येत होता आणि नीट बिल करत होता, तेही मीच बघत होते.

अशातच पुण्याहून मोठे साहेब आले. रविवार होता. दारात एका बाईला लाल निघाली होती आणि तिचा नवरा मोबाइलवर शूटिंग करत होता. साहेब बघत उभे राहिले.

"ही कोणती स्कीम चालू आहे?"

पृथ्वीराज सर पुढं झाले. "सर, ती स्कीम नाही. ती झडती आहे."

"झडती? मग ते खूश का आहेत?"

सरांनी टाय सैल केला. साहेबांनी मामांना बोलावलं. मामांनी कारखान्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली, ती साहेबांनी अर्ध्यात तोडली. चोरी पकडायचं काम नशिबावर सोडतात का, म्हणाले. दारातल्या माणसाला माणूस ओळखता आला पाहिजे, म्हणाले. बादली गोडाऊनमध्ये गेली. टेबलावर एक पत्र्याची पेटी आली. ज्याला अडवून तपासलं त्याच्या बिलाचा खालचा तुकडा फाडून त्या पेटीत टाकायचा. पेटी रिकामी दिसली की दारात नवा माणूस. हे साहेबांनी मामांच्या समोरच सांगितलं, जणू मामा तिथं नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी पृथ्वीराज सर टेबलाजवळच उभे. पेटी रिकामी. सरांनी डोळ्यांनी खूण केली, कुणाला तरी धरा. समोर नेमके कासीमभाई. बादलीत दोनदा लाल काढून दोनदा हसत पिशवी दाखवलेला माणूस. म्हणून मामांना वाटलं असेल, हे काही म्हणणार नाहीत.

"पिशवी दावता का जरा?"

कासीमभाईंनी इकडं तिकडं बघितलं. "बादली कुठाय?"

"बादली न्हाय आता. आमीच सांगायचं, कुनी दावायची ते."

"म्हणजे तुम्ही मला निवडलं? इतक्या लोकांत मीच दिसलो?" त्यांचा आवाज चढला. "माझ्यात काय बघितलं तुम्ही, मामा?"

त्यांनी पिशवी टेबलावर आपटली. तांदळाची पिशवी फुटली. मामा खाली बसून तांदूळ गोळा करायला लागले, आणि कासीमभाई ते तसेच टाकून गेले. तेच दार, तीच पिशवी, तोच माणूस. काल हसत होता आणि आज त्याच्या डोळ्यांत पाणी. मी बघत होते आणि समोरच्या गिऱ्हाइकाची साखर दोनदा बिलात मारली.

चहाच्या वेळी मामा म्हणाले, "पोरी, हे मला न्हाय जमायचं." मी विचारलं, मग नोकरीचं काय? त्यांनी बशीत ओतलेला चहा पुन्हा कपात ओतला. बोलणार काय? नोकरी सोडली तर घर बसणार. ठेवायची तर रोज उठून कुणाला तरी चोरासारखं उभं करायचं. या वयात त्यांना तिसरं दार कोण देणार होतं?

आणि मग काय झालं, दोन दिवसांनी पेटीत तुकडे दिसायला लागले. चांगले भरपूर. पृथ्वीराज सर खूश. मी मात्र बुचकळ्यात पडले, कारण कुणाचं भांडण नाही, आवाज नाही. मग तुकडे येतात कुठून?

त्याच दिवसांत माझ्या काउंटरवर एक आजी यायला लागल्या. हिरवं इरकल, ठसठशीत कुंकू, चाल सावकाश. काउंटरजवळ चॉकलेटं आणि काडेपेट्या सुट्या ठेवलेल्या असतात. आजींनी एक काडेपेटी उचलली, बिल केलं, आणि एवढ्याशा काडेपेटीसाठी धान्याचं पोतं मावेल एवढी पिवळी पिशवी उघडली. गेल्या. थोड्या वेळानं पुन्हा समोर. पुन्हा काडेपेटी. जेवणाच्या सुट्टीआधी पुन्हा.

"आजी, मगाशीच नेली की!"

"आयितु. संपली."

"अख्खी काडेपेटी? घरी काय पेटवताय?"

"दिवा."

"एका दिव्याला इतक्या काड्या?"

"वारं लई हाय," आजी म्हणाल्या आणि पिशवी उघडून उभ्या राहिल्या.

मी घाबरले. म्हातारीच्या डोक्यात काही बिघडलंय, कुठं आग लावून बसेल, असं मला वाटायला लागलं. रात्री झोपताना त्या काडेपेट्या माझ्या डोळ्यांसमोर यायच्या. मामांना सांगावं म्हणून बघते तर मामा तिलाच अडवून तिची पिशवी तपासत होते. नुसती नाही, अगदी हात घालून, तळापर्यंत. मग तुकडा फाडला, पेटीत टाकला, "जावा" म्हणाले. त्यानंतर मी लक्ष ठेवलं. सगळी गिऱ्हाइकं नुसत्या शिक्क्यावर सुटत होती. गाडीवाले सुटत होते, कॉलेजची पोरं सुटत होती. प्रत्येक वेळी धरली जात होती ती एकटी आजी. भोळी, म्हातारी, उलटून न बोलणारी.

माझं डोकं फिरलं. हा माणूस मला देवमाणूस वाटला होता! शेवटी यानंही सोपं गिऱ्हाईक शोधलंच की. मी काउंटर सोडून दारात गेले.

"मामा, तुम्ही पण? त्या आधीच्याला बुरखे सापडायचे, तुम्हाला ही म्हातारी सापडली?"

मामा माझ्याकडं न बघता म्हणाले, "काम हाय, पोरी."

"असलं काम करण्यापेक्षा घरी बसा!"

हे मी बोलले. मामांनी शिक्का उचलला आणि पुढच्या माणसाचं बिल घेतलं. त्यात पृथ्वीराज सर पेटीतले तुकडे घेऊन माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "गुलनाज, मला एक समजत नाही. सगळे संशयित काडेपेटीच का घेतात?" त्यांना काय सांगू! मी म्हटलं, "सर, मला तरी कुठं समजतंय."

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या बाजूला गेले. गोडाऊनच्या पायरीवर, रिकाम्या खोक्यांच्या सावलीत मामा बसले होते. शेजारी त्या आजी. दोघं एकाच डब्यातून भाकरी आणि शेंगाचटणी खात होते. मला काही सुधरेना. सकाळी जिची झडती घेतली तिच्याबरोबर हा माणूस जेवतोय? आजींनी पाय पुढं पसरले होते आणि घोटे टम्म सुजले होते. जेवता जेवता मामा डाव्या हातानं ते चेपत होते.

"ये की," आजी म्हणाल्या. "तूच गुलनाज न्हवं? हे लई सांगत्यात तुजं. तोंडाची फटकळ हाय म्हणत्यात, पर पोरगी गुणाची."

"हे?"

"दानम्मा," मामा म्हणाले. "बायको हाय माजी."

मी तिथंच खोक्यावर बसले.

"कांडी खात्यातली बाई सांगितलो न्हवं तुला? बादली ठिवलेली? ती हीच. आन् पयली लाल कुनाची निघाली म्हाईत हाय? हिचीच. सगळ्या कारखान्यासमोर हिचा डबा उगडून बगितलो मी."

दानम्मा हसत होत्या. "त्याच्या आदी लोक ह्यास्नी बोलायचे, सगळ्यांस्नी धरतो आन् बायकोला सोडतो. आता बगा म्हणावं. बायकोला तेवडं सोडत न्हाईत."

"पण हे कशासाठी, मावशी?"

"कुनाला तरी धराय पायजे की. पेटी रिकामी ऱ्हायली तर ह्यांचं काम जातंय. परक्याला धरलं तर ह्यांच्या गळ्याखाली घास उतरत न्हाय. त्या रिक्षावाल्याच्या दिवशी जेवलेच न्हाईत. मग मी म्हणलं, मी हाय की घरची. मलाच धरा." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. "घरात गॅस हाय, लायटर हाय. काडेपेट्यांचा ढीग लागलाय बग. तुला पायजे का?"

ती भाकरी माझ्या हातातच राहिली. सकाळचं माझं बोलणं माझ्याच कानात वाजत होतं. मी मामांना काही तरी म्हणायला गेले तर ते म्हणाले, "जेव गं. तू बोलली ते बराबरच हुतं. दिसत तसंच हुतं ते."

घरी गेल्यावर मी हे सगळं अम्मीला सांगितलं. अम्मी गहू निवडत होती. सांगून झाल्यावर तिनं फक्त विचारलं, "उसके पांव कू क्या लगाती गे वो?" मी म्हटलं, मला काय माहीत. ती पुन्हा गहू निवडायला लागली. मला तिचा रागच आला. एवढी मोठी गोष्ट सांगितली आणि ही पायांचं विचारते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दानम्मा आल्या नाहीत. आदल्या दिवशीच त्यांना चालवेना झालं होतं, हे मी घरी बोलता बोलता सांगितलं होतं. मामा एकटेच आले, डबा नव्हता. विचारलं तर म्हणाले, पाय टेकवत नाही तिला. त्या दिवशी पुण्याचे साहेब पुन्हा येणार होते. दुपार होत आली, पेटी रिकामी. पृथ्वीराज सर ती हलवून बघत होते, जणू हलवल्यावर तुकडे पडतील. मामा प्रत्येकाच्या बिलावर शिक्का मारत होते आणि मान वर करत नव्हते. त्यांना कुणाचं तोंड दिसायलाच नको होतं.

"अवो, कुणाला तरी धरा की!" सरांच्या आवाजात वैराग आलं. "साहेब येत्याल आता. माझ्या हातात काय ऱ्हायचं न्हाय मग!"

माझ्यासमोर बिलासाठी कुणी तरी एक काडेपेटी ठेवली. मी दचकून वर बघितलं. काळा बुरखा. चेहऱ्यावर नकाब होता, पण त्या हातावरचा भाजल्याचा डाग मी लहानपणापासून बघत आले आहे. मी तोंड उघडलं तशी तिनं मान हलवली, बोलू नको म्हणून. मी बिल केलं.

ती दारात गेली. मामांनी खाली मान घालूनच शिक्का मारला. "जावा बाई."

सर कुजबुजले, "हिला धरा, हिला!"

मामा म्हणाले, "न्हाय साहेब. हिला न्हाय." आणि तिला पुन्हा, "जावा तुमी."

ती गेली नाही. तिनं आपली पिशवी टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या हातानं उघडली. मशेरीच्या डबीवरून जिनं दुकान टाकलं होतं, तिनं.

"देखो जी," अम्मी म्हणाली. "अच्छा देखो. दानम्मा की बारी आज मेरी है."

मामांनी मान वर केली. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. मी काउंटरवर उभी राहून सरळ रडत होते आणि समोरची बाई मला विचारत होती की तेलाचा भाव चुकलाय का.

मामांनी पिशवीत हात घातला. काडेपेटी काढली. मग एक छोटी बाटली निघाली, पिवळट तेलाची. सरांनी बिल हिसकावून घेतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना काही तरी सापडलं होतं.

"हे बिलात नाही! धुळाप्पा, बाटली बिलात नाहीये!"

मामांनी बूच काढलं. लसणाचा आणि ओव्याचा वास माझ्यापर्यंत आला. घरी कढवलेलं तेल. आदल्या रात्री आमचं घर त्याच वासानं भरलं होतं आणि मी नाकाला ओढणी लावून झोपले होते.

"वो उसके पांव कू है," अम्मी मामांना म्हणाली. "रात कू गरम करके लगाव बोलो."

मामांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि आपल्या रिकाम्या डब्याच्या पिशवीत ठेवली. मग बिलाचा तुकडा फाडला, नीट घडी केली आणि पेटीत टाकला. या वेळी "जावा" न म्हणता त्यांनी नुसते हात जोडले. अम्मी गेली, आणि बाहेरून वळसा घालून पुन्हा आत येण्याच्या दारातून काडेपेट्यांकडं येताना दिसली.

पृथ्वीराज सर हातातलं बिल उलटं सुलटं करत माझ्याजवळ आले.

"ही बाई कोण आहे?"

"माझी आई आहे, सर."

सरांनी माझ्याकडं बघितलं, बुरख्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं.

"मग... तुमच्या घरी लायटर नाही का?"

"आहे की," मी डोळे पुसत म्हटलं. "पण सर, वारं लई हाय."